पुठ्ठा, पाला आणि तण: इंदूरच्या परसबागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरामागे २० बाय ३० फुटांची काळी माती आहे. गेली आठ वर्षं तिथे भाजी लावते आणि त्यातली सहा वर्षं निंदणीचं काम फार थोडं उरलंय. जमिनीवर पुठ्ठा, त्यावर खत आणि सगळ्यात वर पाला किंवा भुसा, एवढाच प्रकार. भिशीतल्या मैत्रिणी, शेजारणी, गणपतीला घरी येणारी मंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माळव्याची काळी माती आणि इथला पाऊस धरून हे लिहिलंय. मुरमाड किंवा रेताड जमीन असेल तर वेळापत्रक बदलावं लागेल.

हे म्हणजे शेतकरी वापरतात तो मल्चिंग पेपरच ना?

नाही. दुकानात ‘मल्चिंग पेपर’ म्हणून मिळतो तो कागद नसतोच, तो २५-३० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा पातळ पट्टा असतो. तण तोही दाबतो, पण हंगाम संपला की फाटका गुंडाळून काढावा लागतो आणि त्याचे तुकडे मातीत राहतात. आपण अंथरतो तो खरा कागद, म्हणजे खोक्यांचा पुठ्ठा. तो काढायचा नसतो. तण दाबून झालं की गांडुळं आणि बुरशी त्याची माती करतात.

पुठ्ठ्याखाली तण मरतं कसं?

पानाला उजेड मिळाला नाही की अन्न तयार होत नाही. मुळात साठवलेल्या शिदोरीवर तण काही दिवस धडपडतं, मग संपतं. मातीत पडून असलेल्या बियांचा हिशोब वेगळा. घोळ, तांदुळजा यांसारख्या बारीक बियांना रुजायला बहुधा उजेड लागतो आणि वरच्या इंच-दीड इंचातल्याच बिया उगवून येऊ शकतात. आपण कुदळ मारतो तेव्हा खाली झोपलेलं बी वर आणून उजेडात ठेवतो. ‘आत्ताच तर साफ केलं होतं आणि पंधरा दिवसांत पुन्हा रान माजलं’ ही तक्रार बहुतेक वेळा खोदण्यामुळेच आलेली असते. पुठ्ठा अंथरला की खोदणंही थांबतं, आणि माझ्या मते अर्धा फायदा त्यातच आहे.

कोणत्याही तणावर चालतं का?

नाही, आणि हे आधी समजून घेतलं नाही तर सगळी मेहनत वाया जाते. पुठ्ठ्याच्या मागे लागण्याआधी आपल्या वाफ्यात काय उगवतंय ते बसून बघा.

बियांपासून येणारं एका हंगामाचं तण पुठ्ठ्याखाली हमखास मरतं. घोळ, तांदुळजा, दुधी (भोपळा नव्हे, त्याच नावाचं तण), टाकळा, एकदांडी, गाजरगवत हे सगळे यातले. यातली घोळ आणि तांदुळजा तर आधी खुडून डाळीत घाला, मगच पुठ्ठा टाका. केनाही दबतो, पण चिवट आहे. तोडलेल्या कांडीला ओल मिळाली की तो पुन्हा मूळ धरतो, त्यामुळे कापलेला केना वाफ्याच्या कडेला टाकून ठेवू नका.

दुसरी जात मुळांवर जगणाऱ्यांची: हरळी, चांदवेल आणि लव्हाळा.

हरळी, इथे जिला सगळे दूब म्हणतात, ती पुठ्ठ्याखाली कमजोर होते पण कडेने पसरत पसरत पुन्हा आत शिरते. तिच्यासाठी पुठ्ठा वाफ्याच्या बाहेर दोन्हीकडे फूटभर न्यायचा आणि कडेला वीतभर खोल चर ठेवायची. चरीत दिसलेला प्रत्येक धावता फुटवा दर आठवड्याला तोडायचा. गणपतीच्या दूर्वांसाठी एका कुंडीत ती जरूर ठेवा. मी ठेवली आहे, भाजीच्या वाफ्यापासून लांब.

चांदवेलीला, म्हणजे हिरणखुरीला, खोल मुळं असतात. एका हंगामात ती जाईल अशी आशा धरू नका. पुठ्ठ्याच्या जोडावरून डोकं काढते तिथे ओढत राहायचं.

काकू, दोन थर पुठ्ठा टाकला तरी लव्हाळा वर आलाच. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही. लव्हाळा, म्हणजे नागरमोथा, याची गणना जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत होते. त्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो. तो प्लॅस्टिकच्या पट्ट्यालाही भोक पाडून वर येतो, तिथे भिजलेल्या पुठ्ठ्याची काय कथा! खाली गाठींची माळ असते. वरचा तुरा ओढला की गाठ खालीच राहते आणि पुन्हा फुटते.

मला उपयोग झाला तो असा. एप्रिलअखेर वाफ्याला पाणी दिलं, माती मऊ झाली की खुरपीने वीतभर खोल जाऊन गाठींसकट लव्हाळा उपसला आणि ती माती मे महिनाभर उन्हात पसरून ठेवली. वर आलेल्या गाठी उन्हात वाळून मरतात, मातीत ओल राहिली तर मात्र मरत नाहीत. त्या महिन्यात तिथे एक थेंबही पाणी घातलं नाही. मग पावसाळ्यात तिथे भोपळ्याचा आणि काकडीचा वेल दाट पसरू दिला. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, हेही त्याचं एक मर्म. सावलीत त्याच्या नव्या गाठी फार कमी धरतात. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये पुठ्ठा अंथरला तेव्हा पूर्वीच्या मानाने चौथा हिस्साही लव्हाळा आला नाही, आणि जो आला तो ओला असताना बोटाने गाठीसकट निघत होता. दोन वर्षं लागली. यापेक्षा लवकर होणारा विनाविषाचा उपाय मला सापडलेला नाही.

इंदूरमध्ये हे कधी करायचं?

माझं ठाम मत: पितृपक्ष ते दसरा. पाऊस ओसरत आलेला असतो, माती खोलवर ओली असते आणि भाद्रपदात कमरेइतकं वाढलेलं तण अजून बी झाडायचं असतं. ते कापून तिथेच पाडायचं आणि वर पुठ्ठा. दिवाळीच्या आसपास टोमॅटो, कोबी, फ्लॉवरची रोपं लावायला वाफा तयार असतो. थंडीत तण मुळातच हळू वाढतं, त्यामुळे पहिला हंगाम सोपा जातो आणि हुरूप टिकतो.

सगळ्यात वाईट वेळ जूनअखेर, मान्सून नुकताच लागल्यावर, सपाट जमिनीवर. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वरून पुठ्ठा घातला की वाफ सुटायला जागा उरत नाही. जुलैत सलग आठवडाभर पाऊस लागला आणि वांग्याच्या १८ रोपांपैकी ११ रोपांची मुळं कुजली. उपटली तेव्हा मातीला सडका वास येत होता. तेव्हापासून पावसाळ्यासाठी पुठ्ठा घालायचा तर आधी ८ ते १० इंच उंच गादीवाफा करायचा, दोन्ही बाजूंनी पाण्याला वाट द्यायची आणि पुठ्ठ्याचा एकच थर टाकायचा, हा माझा नियम आहे.

एप्रिल-मे मध्ये? पुठ्ठा वाळून टणक होतो, लू आली की उडतो आणि वाळवीला आमंत्रण मिळतं. फार घाई नसेल तर टाळा.

प्रत्यक्ष कसं अंथरायचं? १० बाय ४ फुटांच्या वाफ्यासाठी सांगा.

तण उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापा आणि तिथेच पाडा. बी धरलेले शेंडे मात्र बाजूला काढा. माती तुडवून घट्ट झाली असेल तर गेंती (टिकाव) जागोजागी रुतवून फक्त थोडी हलवा, उलथू नका. मग वाफ्याला पोटभर पाणी द्या. ही पायरी लोक गाळतात. पुठ्ठ्याखाली कोरडी माती राहिली तर ती महिनाभर कोरडीच राहते.

यावर ओल्या शेणाचा किंवा अर्धवट कुजलेल्या शेणखताचा पातळ थर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाईम्हशींनी खाल्लेल्या गवताचं बी शेणातून जिवंत बाहेर पडतं. म्हणून कच्चं शेण नेहमी पुठ्ठ्याच्या खाली, आणि पुठ्ठ्याच्या वर फक्त पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं खत. उलटं केलंत तर तुम्ही स्वतःच्या हाताने तण पेरलं.

आता पुठ्ठा. खोकी उघडून सपाट करा, बादलीत किंवा पाइपखाली पूर्ण भिजवा आणि एकमेकांवर किमान ६ ते ८ इंच चढवत अंथरा. लव्हाळा सोडला तर तण नेहमी फटीतून येतं, मधून नाही. अंथरल्यावर उभं राहून बघा, खालची माती कुठेही दिसता कामा नये. फ्रिजच्या एका मोठ्या खोक्याच्या चारही बाजू उघडल्या की सुमारे ४० चौरस फूट पुठ्ठा मिळतो, पण एकावर एक चढवण्यात बराच जातो, म्हणून अशा वाफ्याला दीड-दोन खोकी धरा.

पुठ्ठ्यावर ३ इंच कुजलेलं खत, म्हणजे साधारण २० घमेली. त्यावर ५-६ इंच सैल पाला किंवा भुसा. महिनाभरात तो बसून निम्मा होतो. शेवटी पुन्हा पाणी. रोपं लगेच लावायची असतील तर चाकूने पुठ्ठ्याला फुलीसारखी चीर द्या, खालच्या मातीत मूठभर खत घाला आणि रोप लावा. दोन-तीन आठवडे थांबता आलं तर अधिक चांगलं, तोवर पुठ्ठा मऊ पडतो.

पुठ्ठा कुठून आणायचा आणि कोणता चालतो?

सियागंजच्या घाऊक बाजारातले व्यापारी, घराजवळचं किराणा दुकान, फ्रिज-वॉशिंग मशीनची दुकानं, नाहीतर गल्लीतला रद्दीवाला. रद्दीच्या भावात मिळतो, ओळख असेल तर तसाच. साधा तपकिरी, नालीदार पुठ्ठा घ्या. चिकटपट्टी, पिना, प्लॅस्टिकची लेबलं घरीच काढा, कारण ओल्या पुठ्ठ्यावरून काढणं जिकिरीचं होतं आणि राहिलेली चिकटपट्टी वर्षानुवर्षं मातीत सापडत राहते.

चकचकीत, रंगीत, मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा लेप असलेला पुठ्ठा नको. दिवाळीच्या मिठाईचे डबे यातच आले. शंका आली तर पेलाभर पाणी ओता. पाच मिनिटांत मुरलं तर घ्या, मोत्यासारखं वर उभं राहिलं तर परत करा.

तागाचं बारदान उत्तम चालतं. प्लॅस्टिकच्या विणीच्या गोण्या आणि फ्लेक्सचे बॅनर कधीच नको. उन्हाने त्यांचा चुरा होतो आणि तो भाजीच्या मातीतून वेचून काढणं कुणालाही शक्य नाही.

वर्तमानपत्रात पोहे-जलेबी बांधू नका म्हणतात, मग तोच कागद भाजीच्या मातीत कसा चालेल?

प्रश्न अगदी रास्त आहे. अन्न वर्तमानपत्रात बांधू नये असा इशारा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला होता आणि नंतरही दिला. गरम, तेलकट पदार्थ शाई थेट ओढून घेतो आणि ती सरळ पोटात जाते. मातीत तसं होत नाही. काळ्या शाईतला रंग मुख्यतः काजळीचा असतो आणि कागदासोबत मातीतले सूक्ष्मजीव बाकीचा बराच भाग मोडून काढतात. तरी मी वर्तमानपत्र फक्त फटी झाकायला वापरते, तेही काळी-पांढरी पानं, ८-१० पानांची जाडी धरून. गुळगुळीत रंगीत पुरवण्या नाही. पालेभाजी आणि मुळा-गाजराच्या वाफ्यात छापील कागद अजिबात नको असं वाटत असेल तर तो सावधपणा योग्यच आहे, तिथे साधा पुठ्ठाच वापरा.

यात कोणती भाजी लावता येते?

रोप करून लावायची कोणतीही: टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर. भोपळा, दोडका, गिलकी, काकडी यांच्या बिया मोठ्या, त्यामुळे भोकात दोन-तीन टोचल्या की झालं. बटाटा तर फारच छान येतो. पुठ्ठ्यावर खताचा थर, त्यावर डोळा वर करून बेणं आणि वर ८ इंच भुसा. वाढेल तसा भुसा चढवत जायचं. काढताना कुदळ लागत नाही, हाताने भुसा बाजूला केला की स्वच्छ बटाटे दिसतात. मात्र उजेड लागून हिरवा झालेला बटाटा खाऊ नका, म्हणून भुसा पातळ पडू देऊ नका.

मेथी, पालक, कोथिंबीर यांसाठी पुठ्ठ्यावर किमान ४ इंच खत घाला, वरून पाला न घालता पेरा आणि रोपं बोटभर झाल्यावर ओळींमध्ये बारीक भुसा टाका. गाजर-मुळ्यासाठी पहिल्या हंगामात हा वाफा वापरू नका. मूळ पुठ्ठ्याला आपटून वेडंवाकडं होतं. पुठ्ठा कुजून गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्याच जागी गाजर सरळ येतं.

वरचा थर भुशाचा की पाल्याचा?

जे हाताशी असेल ते. गव्हाचा भुसा चैत्रात भरपूर मिळतो, सोयाबीनचा दसऱ्यानंतर. सोयाबीनचा लवकर कुजतो, गव्हाचा टिकतो. गव्हाचे चुकार दाणे उगवतील, ते उपटून तिथेच टाका. बी धरलेलं वाळकं गवत मात्र आणू नका. कडुलिंब, करंज, गुलमोहराचा पाला सोन्यासारखा आहे. आंब्याची आणि अशोकाची पानं चिवट असतात, ती आधी तुडवून किंवा मोडून घ्या. निलगिरीचा ताजा पाला कोवळ्या रोपांजवळ नको.

पानगळीत लोक पाला झाडून कचरागाडीत देतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. आमच्या गल्लीतल्या चार घरांना मी सांगून ठेवलंय, ते पोती भरून आमच्याकडेच आणतात.

पुठ्ठ्याने जमिनीतला नत्र कमी होतो आणि झाडं पिवळी पडतात असं ऐकलंय.

पुठ्ठा आणि भुसा मातीत मिसळला तर होतं. कार्बनने भरलेला हा माल कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. वर पसरलेल्या थरात ही ओढाताण मातीच्या वरच्या पापुद्र्यापुरती राहते, मुळं त्याखाली असतात. म्हणून पुठ्ठा कधीही मातीत गाडू नका. तरी रोप पिवळट दिसलंच, तर पातळ केलेलं जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) किंवा शेणाचं पाणी बुंध्याजवळच्या भोकात घाला.

वाळवी लागेल ना?

लागू शकते. वाळवीला कोरडा पुठ्ठा आवडतो. ओल टिकली तर माझ्याकडे ती जवळजवळ येत नाही, आणि आलीच तर मेलेला पुठ्ठा-भुसा खाते, तजेलदार झाडाला सहसा लागत नाही. दोन पथ्यं पाळा: घराच्या भिंतीपासून आणि लाकडी दारापासून पुठ्ठा किमान २-३ फूट लांब ठेवा, आणि पुठ्ठ्याखाली निंबोळी पेंड भुरभुरा.

गोगलगायी, उंदीर, साप?

गोगलगायींचा त्रास पावसाळ्यात खरोखर होतो. बुंध्याभोवती तीन इंच जागा मोकळी ठेवा, रोपं कोवळी असताना पाल्याचा थर पातळ ठेवा. संध्याकाळी ओलं बारदान वाफ्यात पसरलं की पहाटे त्याखाली त्या गोळा झालेल्या असतात. वेचून मिठाच्या पाण्यात टाका, मीठ वाफ्यात कधीही टाकू नका. उंदीर-घुशी स्वयंपाकघरातल्या उष्ट्यामुळे येतात, पुठ्ठ्यामुळे नाही. म्हणून ओला कचरा वाफ्यात दाबू नका, त्याचं खत वेगळ्या ड्रममध्ये करा. पावसाळ्यात जाड पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. विंचवासाठीही हेच.

पाणी कसं द्यायचं?

नर्मदेचं पाणी आमच्याकडे दिवसाआड येतं, त्यामुळे हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थंडीत उघड्या वाफ्याला दोन-तीन दिवसांनी पाणी लागायचं, पुठ्ठ्याच्या वाफ्याला आता सहा-सात दिवसांनी देते. काळ्या मातीला पडणाऱ्या भेगाही खूप कमी झाल्या. वरचा पाला कोरडा दिसतो म्हणून पाणी देऊ नका, बोट खालच्या मातीत घालून बघा. ठिबक असेल तर नळी पुठ्ठ्याच्या वर, पाल्याच्या खाली, रोपाच्या भोकाजवळ ठेवा. पुठ्ठ्याखाली ठेवली तर बुजलेलं छिद्र कळत नाही.

इंदूर कंपोस्ट म्हणतात ते हेच का?

नाही, पण नातं आहे. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत खताची जी रीत बसवली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. त्या रीतीत काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून ढीग ठराविक दिवसांनी उलथतात, म्हणजे हवा खेळते, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होतं. पुठ्ठ्याच्या वाफ्यात उलथणं नाही, उष्णता चढत नाही, म्हणून तणाचं बी तापून मरत नाही, ते फक्त अंधारात दाबलं जातं. वर घालायचं तीन इंच खत मात्र मी त्याच रीतीने करते. चांगला तापलेला ढीग असला की त्या खतात तणाचं बी जवळजवळ उरत नाही.

गाजरगवत कापून पुठ्ठ्याखाली घालू का?

फुलाआधी कापलं तर जरूर घाला, चांगलं कुजतं. फूल आल्यावर नको. हातमोजे आणि नाका-तोंडाला रुमाल बांधूनच कापा, अनेकांना त्याने अंगावर पुरळ उठतं, दमा असणाऱ्यांनी तर हे काम दुसऱ्याला द्यावं.

कुंड्यांमध्ये पुठ्ठा घालायचा का?

गरज नाही. दोन इंच वाळका पाला पुरतो.

पुठ्ठा किती दिवस टिकतो? दरवर्षी नवा लागतो?

पावसाळ्यात दोन-अडीच महिने, थंडीत चार-पाच. दुसऱ्या वर्षी मी पूर्ण वाफ्यावर पुठ्ठा घालत नाही. फक्त कडा आणि जिथे चांदवेल-लव्हाळा दिसला तेवढ्या जागा झाकते, बाकी ठिकाणी भुशाची भर. वर पडलेल्या खतात वाऱ्याने आलेलं थोडं तण उगवतं, पण मूळ भुसभुशीत खतात असल्याने दोन बोटांनी निघतं. आठवड्यातून एकदा, चहा घेऊन झाला की मी वाफ्यांमधून एक फेरी मारते. एवढ्या मोठ्या बागेला साधारण १५ मिनिटं लागतात. पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ही फेरी चुकवू नका, तेव्हा लव्हाळ्याची गाठ अख्खी हातात येते.